गुन्ह्यांचे आकडे वाचण्यापूर्वी

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनासाठी परभणी, गंगाखेड, परळीकडून माणसे येतात. कुणी एसटीने, कुणी रेल्वेने. समजा, गर्दीत एखाद्या बाईच्या गळ्यातली पोत गेली. ती देवळाच्या आवारात गेली असेल तर फिर्याद दैठण्याच्या ठाण्यात जाईल आणि परभणी जिल्ह्याच्या चोऱ्यांत एकीची भर पडेल. तीच पोत 'पोखर्णी नृसिंह' स्थानकाच्या फलाटावर गेली, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जाईल आणि जिल्हा पोलिसांच्या तक्त्यात दिसणार नाही. आणि गाडीची वेळ झाली म्हणून सोबतच्यांनी 'आता कुठं ठाण्याच्या चकरा मारतेस, गेली ती गेली' अशी समजूत घातली, तर ती चोरी कुठल्याच वहीत चढणार नाही. बाईचे नुकसान तिन्ही वेळा तेवढेच. दप्तरात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या.

देशातल्या, राज्यातल्या आणि जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा दीर्घकालीन आलेख समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या पोतीपासून करावी लागते. पोलिसांच्या दप्तरातला प्रत्येक आकडा दोन गोष्टी जुळल्याशिवाय जन्माला येत नाही: माणूस ठाण्यापर्यंत आला पाहिजे आणि ठाण्याने त्याचे लिहून घेतले पाहिजे. गुन्हे तेवढेच राहूनही यांतली एक गोष्ट बदलली, की आकडा बदलतो. म्हणून 'गुन्हे वाढले' या मथळ्याने घाबरून जाण्याआधी आणि 'गुन्हेगारीला आळा' या मथळ्याने निर्धास्त होण्याआधी वाचकाला काही गोष्टी माहीत असाव्यात, यासाठी ही प्रस्तावना.

फिर्यादी ठाण्यात येतो तेव्हा काय होते, ते आधी पाहू. समोर ठाणे अंमलदार असतो. तो हकीकत ऐकतो आणि गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र हे ठरवतो. मारहाणीत हाड मोडले असेल तर एक कलम, नुसता मुका मार असेल तर दुसरे. अदखलपात्र ठरले की 'एनसी' होते. फिर्यादीच्या हातात एक कागद पडतो आणि 'कोर्टात दाद मागा' असे सांगितले जाते. दखलपात्र ठरले तर गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, स्टेशन डायरीत नोंद होते, तपास कुणाकडे हे ठरते. हा गु.र.नं. पडला तरच घटना जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि शेवटी देशाच्या आकडेवारीत शिरते. पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडून ती दिल्लीला जाते. तिथे आणखी एक चाळण लागते: एकाच फिर्यादीत घरफोडी, मारहाण आणि खून असे तिन्ही असले, तर राष्ट्रीय तक्त्यात त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. बाकीचे कलमांच्या यादीत राहतात, आकड्यात येत नाहीत. एनसीच्या वह्या तर या प्रवासाला निघतच नाहीत, आणि खेड्यातली रोजची दहशत, शिवीगाळ, धमकी बहुतांशी त्याच वह्यांत पडून असते.

देशाची सलग मालिका १९५३ पासून मिळते. 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल त्या वर्षापासून निघू लागला. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी स्थापन झाला आणि ते काम त्याच्याकडे आले. १९५३ च्या तक्त्यात घरफोड्या १,४७,३७९, चोऱ्या २,५२,४०५ आणि दरोडे ५,५७९ आहेत. देशाची लोकसंख्या तेव्हा सदतीस कोटींच्या घरात होती. आज ती १४० कोटींवर आहे आणि नोंदलेल्या घरफोड्या वर्षाला लाखाच्या आसपास आहेत. दरोडे १९५३ च्या जवळपास निम्मे. लाखामागे हिशेब केला तर घरफोडीचे प्रमाण चाळिसावरून सात-आठावर आले. हे खरे मानायचे का?

काही अंशी मानता येते. पेवात धान्य आणि भिंतीच्या कोनाड्यात दागिने ठेवणारे घर आता उरले नाही. पैसा बँकेत गेला, गावात वीज आली, कुडाच्या जागी विटांच्या भिंती आल्या. रात्री टोळीने येऊन अख्खे गाव लुटण्याचे दरोडे रस्ते, फोन आणि गाड्या आल्यावर अवघड झाले. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या विहिरीवरची मोटार गेली किंवा खळ्यावरून सोयाबीनची चार पोती गेली, तो शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून ठाण्यात जाईलच असे नाही. गेलाच, तर चोरीचा गुन्हा नोंदवण्याऐवजी त्याचा साधा अर्ज घेऊन ठेवला जाऊ शकतो. उघडकीला न येणारा गुन्हा ठाण्याच्या कामगिरीवर डाग ठरतो, तोपर्यंत तो लिहूनच न घेण्याचा मोह राहणार. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. घटनापीठाला हे स्पष्टपणे सांगावे लागले, यातच या मोहाचा पसारा कळतो.

म्हणून अभ्यासक खुनाच्या आकड्याकडे आधी पाहतात. प्रेत लपवणे अवघड असते, तेव्हा खुनाची नोंद त्यातल्या त्यात भरवशाची. १९५३ मध्ये देशात ९,८०२ खून नोंदले गेले, म्हणजे लाखामागे अडीचहून थोडे अधिक. पुढच्या चार दशकांत हा आकडा चढत गेला आणि १९९२ मध्ये ४०,१०५ झाला. प्रमाण लाखामागे साडेचारच्या वर. तिथून उतार लागला. २०२२ मध्ये २८,५२२ आणि २०२३ मध्ये २७,७२१. लाखामागे सुमारे दोन. आपल्या आजोबांच्या काळी माणसे सुखाने नांदत होती आणि आता जिवाची शाश्वती राहिली नाही, असे पारावर बोलले जाते. खुनाच्या बाबतीत तरी ही मालिका त्याच्या उलट सांगते.

पण खुनाच्या आकड्यालाही भोके आहेत. ठाण्यात आकस्मिक मृत्यूचे वेगळे रजिस्टर असते. विहिरीत बुडालेले, साप चावलेले, विष घेतलेले, भाजून मेलेले सगळे त्यात जातात. एकेकाळी 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही वर्तमानपत्रातली नेहमीची ओळ होती आणि त्यातले कितीतरी मृत्यू अ.मृ. नंबर पडून तिथेच मिटले. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब आले, आणि तेच मृत्यू गुन्ह्यांच्या तक्त्यात दिसू लागले. बायका १९८६ मध्ये एकाएकी जळू लागल्या नव्हत्या. कायद्याने त्यांच्या जळण्याला गुन्ह्याचे नाव दिले. आपल्या मराठवाड्यात याच रजिस्टरात शेतकऱ्यांच्या आत्महत्याही उतरतात. त्या 'क्राइम इन इंडिया'त येत नाहीत, एनसीआरबीच्या दुसऱ्या अहवालात येतात. २०२२ मध्ये देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. गावाच्या दुःखाचा हा मोठा हिस्सा गुन्ह्यांच्या आलेखाबाहेर राहतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

बलात्काराची वेगळी मोजणी तर १९७१ पासूनच सुरू झाली. त्या वर्षी २,४८७ गुन्हे नोंदले गेले. २०१२ मध्ये २४,९२३ आणि लगेच २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याने झालेली ही वाढ डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरची आहे: देश रस्त्यावर उतरला, कायदा बदलला, व्याख्या रुंदावली, आणि फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली. जास्त स्त्रिया बोलल्या आणि जास्त ठाण्यांनी लिहून घेतले, असाच या वाढीचा मोठा अर्थ आहे. तरीही किती आत राहते पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २९.३ टक्के आणि महाराष्ट्रातल्या २५.२ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे चौघींत एक. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या साधारण सातांत एक, आणि त्याही बहुतेक माहेरीच. ठाण्यात पोहोचते ते त्यातूनही उरलेले.

आकड्यामागची कायद्याची व्याख्याही तपासली पाहिजे. 'दंगल' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाळपोळ येते. कायद्यात मात्र पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने समान उद्देशाने बळाचा वापर केला की दंगल होते. बांधावरून दोन भावकीत काठ्या चालल्या आणि एका बाजूला पाच नावे आली, की ती दंगलच. देशात १९५३ मध्ये २०,५२९ दंगली नोंदल्या गेल्या, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा लाखावर गेला आणि २०२२ मध्ये ३७,८१६ वर आला. आता याच तक्त्यात १९७८ शोधा. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नंतरच्या दिवसांत परभणी, नांदेडसह मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, माणसे मारली. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, म्हणजे अजून अकरा वर्षे दूर होता. तेव्हा त्या वस्त्यांची होरपळ 'दंगल', 'जाळपोळ', 'खून' या जुन्या रकान्यांत विखुरली. कोण कुणावर का तुटून पडले, हे सांगणारा रकानाच नव्हता.

मराठवाड्याच्या बाबतीत तर मालिकेची सुरुवातच उशिराची आहे. पोखर्णी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कायदा वेगळा, पोलीस वेगळे. रझाकारांचे अत्याचार, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि तिच्या आगेमागे उसळलेली हिंसा हा या भागातला शतकातला सर्वांत रक्तरंजित काळ. पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. आपला अधिकृत आलेख याच्या पाच वर्षांनंतर सुरू होतो. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९८१ मध्ये परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परभणीच्या आलेखात या ठिकाणी खाली उतरलेली रेघ दिसली, तर ते यश कुणाचेच नव्हे. जिल्ह्याचा तुकडाच वेगळा मोजला जाऊ लागला. २०११ च्या जनगणनेत परभणीची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे अलीकडची 'लाखामागे इतके' ही सगळी गणिते अंदाजाने धरलेल्या लोकसंख्येवर उभी आहेत.

प्रदेशांची तुलना करताना तर फारच जपून पावले टाकावी लागतात. केरळ गुन्ह्यांच्या प्रमाणात नेहमी वरच्या ओळीत असतो, पण तिथले खुनाचे प्रमाण लाखामागे एकाच्या आसपास, देशाच्या सरासरीच्या निम्मे. शिकलेली, हक्क माहीत असलेली माणसे ठाण्यात जातात आणि ठाणे लिहून घेते, म्हणून केरळ वर दिसतो. दिल्लीत २०१२ मध्ये भारतीय दंड संहितेखाली ५४,२८७ गुन्हे होते, २०१५ मध्ये १,९१,३७७ झाले. तीन वर्षांत साडेतीन पट चोर तयार होत नाहीत. फिर्याद घेण्याचे धोरण बदलले आणि वाहनचोरीची तक्रार घरबसल्या नोंदता येऊ लागली. २०२० ची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे ६६,०१,२८५ वर गेले आणि लाखामागचे प्रमाण ३८५.५ वरून ४८७.८ झाले. पण सगळे घरात कोंडलेले असताना चोऱ्या तर घटल्या होत्या. सरकारी आदेश मोडल्याचे कलम १८८ चे गुन्हे २०१९ मध्ये २९,४६९ होते, ते टाळेबंदीत ६,१२,१७९ झाले. मास्क न लावलेला भाजीवाला त्या वर्षीच्या 'वाढलेल्या गुन्हेगारी'चा भाग होता.

पोलीस कुणाकडे पाहतात, यावरही आकडा ठरतो. महाराष्ट्रात भाग १ ते ५ आणि भाग ६ अशी गुन्ह्यांची विभागणी असते. भाग ६ मध्ये दारूबंदी, जुगार यांसारख्या कायद्यांखालचे गुन्हे येतात. ते बहुधा कुणी फिर्यादी येऊन नोंदवत नाही, पोलीस छापे घालून नोंदवतात. छापे वाढले की गुन्हे वाढतात. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या पात्रातल्या वाळूचोरीचेही तसेच: आकडा चोरीपेक्षा कारवाईचा हंगाम जास्त सांगतो. आणि नजर कुणावर रोखली जाते याचा इतिहास कडू आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही रीत लगेच रद्द झाली नाही. अटकेच्या यादीत एखादा समाज जास्त दिसला, तर आधी विचारावे की शोध कुठे घेतला गेला होता.

खेड्यात फिर्याद ठाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळ काही घडते. पोलीस पाटील असतो, सरपंच असतो, भावकीतले चार जाणते असतात. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली. गावातले तंटे गावातच मिटवायचे आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला पुरस्कार. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, किरकोळ मारहाणीचे कितीतरी वाद यामुळे कोर्टाच्या पायऱ्यांपासून वाचले, कुटुंबांचे पैसे आणि वर्षे वाचली. हे मोलाचे काम आहे. पण मिटवणे आणि दाबणे यांतला फरक ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच कळतो. दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतील तर समझोता होतो. एक बाजू सालगड्याची आणि दुसरी त्याच्या मालकाची असेल, किंवा एक बाजू सुनेची आणि दुसरी अख्ख्या घराची असेल, तर 'मिटले' या शब्दाखाली पुष्कळ काही गाडले जाते. शून्य तंटे असलेले गाव शांत असू शकते, किंवा गप्प केलेले असू शकते. वरून दोन्ही सारखीच दिसतात.

यापुढचा काळ वाचकाला आणखी गोंधळात टाकणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३ मध्ये आले. हिसकावून नेणे हा वेगळा गुन्हा झाला. म्हणजे पोत ओरबाडण्याचे प्रकार आता स्वतंत्र रकान्यात दिसतील आणि कुणी म्हणेल, हा गुन्हा नव्याने उपजला. कुठल्याही ठाण्यात देता येणारी 'शून्य' फिर्याद आणि ऑनलाइन माहिती यांना कायद्यात स्थान मिळाले, त्याने नोंद वाढावी. उलट तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवस प्राथमिक चौकशीची मुभा आली, त्याने नोंद अडूही शकते. सायबर गुन्हे २०२२ मध्ये ६५,८९३ होते, २०२३ मध्ये ८६,४२० झाले. १९३० या मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर येणाऱ्या तक्रारी मात्र लाखांत आहेत. घरफोडी कमी झाली तेव्हा चोर कुठे गेला, याचे एक उत्तर खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

नोंद होणे किती मोठी गोष्ट असते, हे परभणीने अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, हिंसाचार झाला, धरपकड झाली आणि अटकेतल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोषी कोण हे तपास आणि खटला ठरवील. पण तपास सुरू होण्यासाठी आधी रजिस्टरात नंबर पडावा लागतो, आणि तो एक नंबर पडायला सात महिने आणि दोन न्यायालये लागली.

मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. त्यांच्याशिवाय आपल्याजवळ फक्त अफवा आणि मथळे उरतील. आकडे वाचावेत, पण दरवेळी विचारावे: कायदा तोच आहे का, हद्द तीच आहे का, मोजणी तशीच आहे का, माणूस ठाण्यात येण्याची शक्यता वाढली की घटली? एका वर्षाचा चढउतार सोडून द्यावा, दहा-वीस वर्षांची रेघ पाहावी. एक मालिका दुसरीवर घासून पाहावी. इस्पितळातल्या जखमींच्या नोंदी, आरोग्य सर्वेक्षण, कोर्टातले खटले हे सगळे शेजारी ठेवावे. इंग्लंडने १९८१ च्या गुन्ह्यांपासून घरोघर जाऊन 'तुमच्यावर गुन्हा घडला का, तुम्ही पोलिसांना सांगितले का' असे विचारायला सुरुवात केली. २०१४ मध्ये तिथल्या तपासणी यंत्रणेला आढळले की पोलिसांना सांगितलेल्या गुन्ह्यांपैकीही सुमारे १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. त्या देशाने हे छापून प्रसिद्ध केले. आपल्याकडे आरोग्याचे, रोजगाराचे, घरखर्चाचे सर्वेक्षण होते. गुन्ह्याने पोळलेल्या माणसांचे नियमित राष्ट्रीय सर्वेक्षण अजून नाही. ते व्हायला हवे, आणि त्यात शहराइतकीच पोखर्णीसारखी गावे हवीत.

तोपर्यंत एक बदल आपल्या हातात आहे. जिल्ह्याचा वार्षिक आढावा मांडला जातो तेव्हा पत्रकार, लोकप्रतिनिधी आणि आपण सारे 'गुन्हे किती घटले' हाच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाने प्रत्येक ठाण्याला कमी लिहिण्याचे बक्षीस देतो. खुद्द एनसीआरबीही आपल्या अहवालात बजावते की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा प्रश्न बदलावा. किती अर्ज आले आणि त्यांतले किती गुन्हे म्हणून नोंदले? एनसी किती? 'गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही' अशी अ समरी कितींत, 'फिर्याद खोटी' अशी ब समरी कितींत, 'गैरसमज' म्हणून क समरी कितींत? फिर्याद द्यायला आलेल्या बाईला किती वेळ थांबवून ठेवले? या प्रश्नांची उत्तरे ठाणेनिहाय लावली गेली, तर सुरुवातीची काही वर्षे आकडे चढतील. त्या चढाला भिऊ नये. ज्या अधिकाऱ्याच्या काळात नोंद वाढली, त्याला बदलीची शिक्षा देऊ नये. गरिबाची फिर्याद लिहून घेतली जाते हा सुव्यवस्थेचा पहिला पुरावा आहे. गुन्हे खरोखर घटले की नाही, हे त्यानंतरच कुणालाही प्रामाणिकपणे सांगता येईल.